फिरता लेथ थांबलेला दिसतो तेव्हा

कुर्ल्यातल्या लेथच्या गाळ्यांत भरदिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते. जुन्या पट्टीच्या उजेडात कधी कधी वेगाने फिरणारा चक सावकाश फिरतोय, किंवा चक्क थांबलाय, असे वाटते. त्या भरवशावर हात पुढे गेला तर बोटे गमवावी लागतील. यात दोष नजरेचा नाही, प्रकाशाचा आहे.

ट्यूबमधल्या वायूतून एकदा वीज वाहू लागली की त्याचा विरोध घटतो आणि प्रवाह वाढत जातो. त्याला लगाम घालतो तो चोक. जुना चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तार. तो प्रवाह आवरतो, पण त्याची लय बदलत नाही. आपल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो. म्हणून प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. तीन जबड्यांचा चक मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक ठोक्याला पुढचा जबडा नेमका आधीच्या जागी येतो. चक स्थिर भासतो तो यामुळे.

इलेक्ट्रॉनिक चोक हीच लय मोडतो. त्यातले ट्रान्झिस्टर प्रवाहाची दिशा सेकंदाला हजारो वेळा, साधारण २० हजारांहून अधिक वेळा, पालटतात. ट्यूबला विझायला सवडच मिळत नाही. स्टार्टर लागत नाही, गुणगुण थांबते, वीजही वाचते. १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या कार्यालयात झालेल्या अभ्यासात अशा प्रकाशाखाली डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला होता.

आता ट्यूबच निरोप घेते आहे. तिच्यातल्या पाऱ्यामुळे २०२७ अखेर फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्याचे मिनामाता कराराच्या २०२३च्या बैठकीत ठरले. मात्र एलईडी लावली म्हणजे लुकलुक संपली असे नाही. स्वस्त ड्रायव्हर असेल तर तीही १०० वेळा लुकलुकते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिव्याकडे पाहताना काळे पट्टे सरकताना दिसले, तर लेथवर तो दिवा नको.

काढलेल्या ट्यूब फोडू नयेत, भंगारात टाकू नयेत; ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्याव्यात. फुटलीच तर खिडक्या उघडून १०-१५ मिनिटे बाहेर थांबावे. झाडू न मारता जाड पुठ्ठ्याने तुकडे उचलून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावेत.