करार नव्हता, कुलूप होतं

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला माझा भाचा न्यू जर्सीहून नाशिकला आला, तेव्हा त्याने आईसाठी आयफोन आणला होता. ताईने जुन्या फोनमधलं सिमकार्ड काढून नव्याच्या ट्रेमध्ये घातलं आणि पडद्यावर संदेश उमटला, ‘सिम नॉट सपोर्टेड’. भाचा चक्रावला. “मामा, मी कसलंही कॉन्ट्रॅक्ट केलेलं नाही. प्रीपेडचा फोन आहे, पूर्ण पैसे देऊन घेतलाय,” असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचा शब्दन् शब्द खरा होता, तरीही फोन ताईच्या उपयोगाचा नव्हता.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या घरांमध्ये हा घोळ मी इतक्यांदा पाहिला आहे की तो एकदा नीट सोडवून सांगावासा वाटतो. आपल्याकडे फोन दुकानातून येतो आणि सिम वेगळं घेतलं जातं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. अमेरिकेत मात्र वर्षानुवर्षं बहुतेक लोक फोन सेवा देणाऱ्या कंपनीकडूनच घेत आले आहेत. त्यामुळे तिथे करार, कर्ज आणि कुलूप या तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. करार म्हणजे ठरावीक काळ त्याच कंपनीची सेवा घेण्याचं बंधन. कर्ज म्हणजे फोनच्या किमतीचे हप्ते. कुलूप म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम चालू न देणारी फोनमधली व्यवस्था. यांतली एक गोष्ट नसली म्हणून उरलेल्या दोन आपोआप जात नाहीत.

गैरसमज : अमेरिकेत फोन जवळजवळ फुकट मिळतो

हा समज जुना आहे, आणि त्याला कारणही आहे. ऑगस्ट 2008 मध्ये आयफोन 3जी भारतात आला तेव्हा सर्वांत स्वस्त मॉडेलची किंमत 31,000 रुपये होती. तोच फोन अमेरिकेत 199 डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने नऊ हजारांच्या आतबाहेर मिळत होता. आपल्याला लुटताहेत, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण 199 डॉलर ही फोनची किंमत नव्हतीच. एटी अँड टी या तिथल्या सेवा कंपनीशी दोन वर्षांचा करार करणाऱ्याने दारात भरायची ती रक्कम होती. उरलेले पैसे कंपनी आधी ॲपलला देई आणि मग दरमहाच्या बिलातून ग्राहकाकडून वसूल करी. मधेच करार मोडला तर दंड बसे. व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीने 2009 मध्ये स्मार्टफोनसाठी हा दंड 350 डॉलरपर्यंत नेला होता.

आपल्याकडेही याची झलक दिसून गेली आहे. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ योजनेत सुरुवातीला 501 रुपये घेऊन फोन हातात दिले. त्या फोनमध्ये सिमकार्डच नव्हतं. नंबर फोनमध्येच भरलेला असे, त्यामुळे कंपनी बदलायची तर फोन बदलणं आलं.

अमेरिकेतला दोन वर्षांचा करार पुढे मोडीत निघाला. टी-मोबाइलने 2013 मध्ये सुरुवात केली, व्हेरायझनने 2015 मध्ये नव्या ग्राहकांसाठी तो बंद केला आणि जानेवारी 2016 मध्ये एटी अँड टीनेही. म्हणून आज तिथला दुकानदार ‘नो कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. मात्र कराराची जागा हप्त्यांनी घेतली आहे, आणि ‘मोफत फोन’ त्या हप्त्यांतच दडलेला असतो.

समजा, फोन 800 डॉलरचा आहे आणि हप्ते 36. दरमहा सुमारे 22 डॉलर बिलात लागतात आणि सूट म्हणून तेवढेच वजा होतात. ग्राहकाला वाटतं, फोन फुकट पडला. पण सूट एकरकमी मिळालेली नसते. ती महिन्या-महिन्याने, तुम्ही कंपनीकडे राहाल तोवरच मिळते. चौदा महिन्यांनी नोकरी बदलली, गाव बदललं, भारतात परतायचं ठरलं, की सूट थांबते आणि उरलेल्या 22 हप्त्यांचे सुमारे 489 डॉलर स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. शिवाय अशा सवलतींसाठी बहुधा महागडा प्लॅन घ्यावा लागतो. दरमहा 30 डॉलरच्या प्लॅनवर ज्याचं भागलं असतं त्याने 80 डॉलरचा घेतला, तर तीन वर्षांत 1,800 डॉलर जास्त गेले. एवढ्यात तसे दोन फोन आले असते. चार जणांच्या कुटुंबाला एकत्र प्लॅनमध्ये हे गणित परवडूही शकतं, म्हणून मी सरसकट नको म्हणणार नाही. पण एकट्या विद्यार्थ्याने कागद-पेन घेऊन ही बेरीज केल्याशिवाय सही करू नये.

गैरसमज : करार नाही म्हणजे फोन मोकळा

माझा भाचा नेमका इथेच फसला. अमेरिकेत प्रीपेड कंपन्यांचे फोन मोठ्या दुकानांत बऱ्यापैकी स्वस्त मिळतात. करार नसतो, हप्ते नसतात, पण कुलूप असतं. फोन स्वस्तात देऊन कंपनीने जे पदरचे घातलेले असतात, ते सेवेतून भरून निघावेत म्हणून. हे कुलूप निघण्यासाठी फोन त्याच कंपनीच्या सेवेवर काही काळ चालवावा लागतो, आणि प्रीपेडमध्ये ही मुदत अनेकदा वर्षभराची असते. फोन नाशिकच्या कपाटात पडून राहिला, तर सेवेचे महिने पुढे सरकतच नाहीत. हप्त्यांवर घेतलेल्या फोनची अट वेगळी असते. बहुधा आधी सगळे हप्ते फेडायचे, मग कुलूप काढून मागायचं.

म्हणून फोन घेताना ‘कॉन्ट्रॅक्ट आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘हा फोन अनलॉक्ड आहे का, नसेल तर कधी आणि कोणत्या अटीवर होईल?’ असं विचारावं. आयफोनवर हे स्वतःलाही पाहता येतं. सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट. तिथे ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं दिसलं, तर फोन मोकळा. विमानात बसण्यापूर्वी एवढं पाहायला अर्धं मिनिट लागतं.

गैरसमज : कुलूप काढणं बेकायदा आहे

अमेरिकेत काही काळ तसं खरोखरच होतं. जानेवारी 2013 मध्ये कॉपीराइट कायद्यातली सवलत संपली आणि कंपनीच्या परवानगीशिवाय नवा फोन अनलॉक करणं नियमबाह्य ठरलं. त्याविरुद्ध व्हाइट हाउसकडे लाखाहून जास्त सह्यांची याचिका गेली आणि ऑगस्ट 2014 मध्ये ओबामांच्या सहीने नवा कायदा आला. ग्राहकाला फोन अनलॉक करण्याचा हक्क परत मिळाला. हप्ते बुडवून तो वापरता येत नाही, इतकंच.

गैरसमज : आपल्याकडे कुठल्याही दुकानात करून देतात

पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कोणीतरी हजार-पाचशेत काम करेल, ही आशा नोकियाच्या काळातली आहे. आयफोनचं कुलूप ॲपलच्या सर्व्हरवरच्या नोंदीत असतं, आणि ती नोंद बदलण्याची विनंती मूळ कंपनीच करू शकते. सिमखाली एक पातळ चिप बसवून फोनला चकवण्याची युक्ती अनेक वर्षं चालली. पण ती तात्पुरती असते, सॉफ्टवेअर अपडेट आलं की कधीही बंद पडू शकते. आणि 2022 च्या आयफोन 14 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा ट्रेच नाही. ते फक्त ई-सिमवर चालतात. चिप बसवणार कुठे?

याच कारणाने भेटीचा आयफोन अनलॉक्ड असला तरी एक काम उरतं. आई-बाबांचं सिम ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागतं. जिओ, एअरटेल आणि व्ही ते करून देतात. भेट देणारा परत जाण्याआधी हे उरकावं, नाहीतर ओटीपीसाठी घरचे अडून बसतात.

गैरसमज : अनलॉक्ड फोन जगात कुठेही चालतो

कुलूप नसणं आणि नेटवर्कशी जुळणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. इथून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांना हे आधी कळायला हवं. एटी अँड टीने फेब्रुवारी 2022 मध्ये 3जी बंद केलं. तेव्हापासून साधा कॉलसुद्धा 4जीवरूनच जातो, आणि त्यासाठी चालणाऱ्या फोनची यादी कंपनीने ठरवून दिली आहे. इथे उत्तम चालणारा एखादा अँड्रॉइड फोन त्या यादीत नसेल, तर तिथे नाकारला जाऊ शकतो. मग निघण्यापूर्वी काय करायचं? डायल पॅडवर *#06# दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक त्या-त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहायचा. उलट दिशेनेही हेच आहे. जिओकडे 2जी-3जी नाहीच, त्यामुळे ज्या परदेशी फोनवर भारतातलं 4जी कॉलिंग चालत नाही, त्यावर जिओचं इंटरनेट सुरू होतं आणि फोन मात्र लागत नाही.

कराराशिवाय घेतलेली सेवा दुय्यम असते, असंही पुष्कळांना वाटतं. मिंट मोबाइल टी-मोबाइलच्या नेटवर्कवर चालते, व्हिजिबल व्हेरायझनच्या. मनोरे तेच. गर्दीच्या वेळी स्वस्त प्लॅनचा वेग आधी कमी होऊ शकतो, हा फरक खरा आहे. पण नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याची तिथे कर्जफेडीची कसलीच नोंद नसते आणि त्याला हप्त्यांवर फोन मिळणं अवघड जातं. त्याने स्वतःचा फोन आणि प्रीपेड प्लॅन घेणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

ताईचा फोन भाच्याने परत नेला. स्वतःचा चांगला फोन बाजूला ठेवून, सर्वांत स्वस्त प्लॅनवर, उरलेले सात महिने तो तोच वापरत राहिला. मुदत भरल्यावर कंपनीने कुलूप काढलं आणि पुढच्या दिवाळीला फोन पुन्हा नाशिकला आला. या वेळी त्याने विमानतळावरूनच मला ‘अबाउट’च्या पानाचा फोटो पाठवला होता.