ठोका लोखंडात राहतो

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात कोल्टचा कारखाना होता. १८७३ साली अमेरिकी सैन्याने तिथे ८,००० रिव्हॉल्वरांची मागणी नोंदवली आणि ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हे सहाबारी हत्यार बनू लागलं. त्याच्या चौकटीच्या तळाशी आकड्याचा पोलादी पंच टेकवायचा आणि वरून हातोडी मारायची, अशी अनुक्रमांक उठवायची पद्धत. पुढे कधीतरी कुणी कानस घेऊन तो क्रमांक घासून टाकतं. जागा इतकी गुळगुळीत होते की भिंगातूनही काही दिसत नाही. तरीही प्रयोगशाळेत तिथे आम्लाचा बोळा फिरू लागला की अनेकदा आकडे एकेक करून उमटतात. खळगा तर केव्हाच गेला, मग उमटतं ते काय?

उमटतो तो हातोडीचा ठोका. धातूवर घाव घातला की त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, पण साधारण दहावा हिस्सा धातूच्या आतच अडकून राहतो. केंब्रिजच्या जी. आय. टेलर आणि क्विनी यांनी १९३४ साली हे मोजून दाखवलं. दीडशे वर्षांपूर्वी एका कारागिराने मारलेल्या ठोक्याचा अंश अजून त्या लोखंडात साठलेला असू शकतो, हे मला आजही थक्क करतं.

तो कसा साठतो हे समजायला अंगणातली ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणावी. धातूतले अणू तसेच ओळीने बसलेले असतात, फक्त वर-खाली थरांनीही. कुठे तरी एखादी ओळ अर्ध्यातच संपते आणि शेजारच्या ओळींना वाकून तिची जागा भरून काढावी लागते. या चुकलेल्या जागेला डिसलोकेशन म्हणतात. सावकाश थंड केलेल्या मऊ धातूच्या एका चौरस सेंटिमीटर छेदात अशा जागा दहा लाखांच्या घरात असतात. जबर घाव बसलेल्या धातूत त्यांची संख्या लाख कोटीपर्यंत जाते. पंच लोखंडात शिरतो तेव्हा नुसता खळगा पडत नाही. खळग्याच्या तळाखालचे थरही चेपले जातात, आणि हा चेपलेला भाग खळग्यापेक्षा बराच खोल गेलेला असतो. कानस चालवणारा डोळ्यांना आकडा दिसेनासा झाला की थांबतो. खालचा थर तसाच राहतो.

असा ताणलेला धातू अस्वस्थ असतो, म्हणून आम्लात लवकर विरघळतो. हे ओळखून ॲडॉल्फ फ्राय यांनी १९२१ साली एक द्रावण प्रसिद्ध केलं: हायड्रोक्लोरिक आम्ल, क्युप्रिक क्लोराइड, पाणी आणि अल्कोहोल. पोलादावर ताण आला की आत विकृतीचे पट्टे कसे पसरतात, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. फ्राय काम करत होते जर्मनीत एसेनला, क्रुपच्या कारखान्यात, म्हणजे तोफांसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या कंपनीकडे. त्यांच्या द्रावणाचे प्रकार बंदुकांचे पुसलेले क्रमांक वाचायला आजही वापरतात. डिसलोकेशनची कल्पना मात्र टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी वेगवेगळी मांडली ती १९३४ साली, आणि केंब्रिजमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डिसलोकेशनं प्रत्यक्ष हलताना दिसली १९५६ साली. रसायन आधी आलं, ते का चालतं हे नंतर कळलं.

प्रत्यक्ष काम फार सबुरीचं. आधी छायाचित्रं, मग तेल-गंज काढणं, मग कानशीचे ओरखडे जाईपर्यंत बारीक पॉलिश पेपर. इथेच मोठा धोका आहे: पॉलिश जास्त झालं तर चेपलेला थरही त्यातच निघून जातो. हत्यार पोलादी असेल तर आधी चुंबक लावून पाहतात. त्या जागेवर लोहाचा अतिबारीक कीस मिसळलेलं तेल सोडलं की विकृत भागाच्या कडांशी कीस गोळा होतो. ही युक्ती अमेरिकेतल्या विल्यम होक यांना १९२०च्या सुमारास सुचली. चुंबकी पकडीत धरलेल्या पोलादाला धार लावताना उडालेला कीस बारीक भेगांवर ओळीने चिकटतो, हे त्यांनी पाहिलं होतं. या रीतीत धातूचा कणही झिजत नाही, म्हणून ती आधी.

त्यानंतर आम्ल. कापसाचा बोळा द्रावणात बुडवून हलक्या हाताने फिरवायचा, पुसायचं, तिरक्या उजेडात पाहायचं, पुन्हा फिरवायचा. कधी काही मिनिटांत काहीतरी दिसतं, कधी तास जातात. सगळे आकडे एकदम येत नाहीत. एकाचा वरचा बाक दिसतो आणि दुसरा येईपर्यंत पहिला विरतो, कधी कायमचाच. म्हणून जे दिसेल त्याचा त्याच क्षणी फोटो घ्यावा लागतो. इंग्रजी आकड्यांतले तीन, सहा आणि आठ अर्धवट उमटले की एकमेकांसारखे दिसतात, तेव्हा दोन तपासनिसांनी स्वतंत्रपणे वाचलेलं बरं. आपल्याकडे ही रीत चोरीच्या गाड्यांनी जास्त ओळखीची केली आहे. चेसिस आणि इंजिनावरचे घासलेले नंबर न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत याच तत्त्वाने वाचले जातात.

जुन्या संग्राह्य हत्यारांत मात्र गोष्ट अधिक गुंतते. ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ची चौकट हाडांच्या कोळशात भरून भट्टीत तापवत आणि विझवत. त्याने कठीण कवच येई आणि निळे-तपकिरी ढगाळ रंग उमटत. एवढ्या उष्णतेत धातूचे कण नव्याने जुळतात आणि ठोक्याची आठवण पुसली जाते. चौकट भट्टीत जाण्याआधी क्रमांक मारलेला असेल, तर आम्लाला तिथे फारसं सापडणार नाही. पण तोच क्रमांक चापाच्या कड्यावर आणि मुठीमागच्या पट्टीवरही असे. हे भाग भट्टीत जात नसत. त्यांना नुसता निळा मुलामा देत आणि त्यासाठी पुष्कळ कमी उष्णता पुरे. एकाच हत्याराच्या एका भागातला ठोका विझलेला आणि दुसऱ्यातला जागा, असं होऊ शकतं.

या क्रमांकांसाठी एवढा आटापिटा का, तर त्यांत इतिहास आहे आणि पैसाही. ऑर्व्हिल एन्सवर्थ या सरकारी तपासनिसाने पारखलेल्या सुरुवातीच्या कोल्टांपैकी काही अमेरिकी सैन्याच्या सातव्या घोडदळाकडे गेली. त्याच घोडदळातल्या कस्टर या अधिकाऱ्याच्या तुकडीचा २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत धुव्वा उडाला. त्या मालिकेतला क्रमांक असलेलं रिव्हॉल्वर संग्राहकाला हवंहवंसं वाटतं, आणि म्हणून साध्या कोल्टचा आकडा घासून तिथे घोडदळाचा आकडा ठोकणारेही निघतात. नव्या आकड्याखालचा जुना आम्लाने दिसू लागला की एकाच जागी दोन क्रमांक एकमेकांत अडकलेले दिसतात.

पण न जुळणारा प्रत्येक क्रमांक लबाडीचा नसतो. १८९५ पासून सैन्याने ही हत्यारं परत मागवली, साडेसात इंचांच्या नळ्या साडेपाच इंच केल्या आणि सुटे भाग सरमिसळ करून पुन्हा जोडले. अशा हत्याराची चौकट एका क्रमांकाची आणि गोळ्यांचं चक्र दुसऱ्याचं असणं हीच त्याची खरी ओळख आहे. ते ‘दुरुस्त’ करायला जाणारा इतिहास बिघडवतो.

आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम क्रमांक पुसायला बंदी करतं, आणि पुसलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते केलं असं गृहीत धरतं. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. गुन्ह्याच्या तपासात मूळ क्रमांक कळणं गरजेचं असतं, म्हणून तिथे आम्ल वापरावं लागतं. संग्रहालयातल्या कोल्टचं तसं नाही. आम्लाने दीडशे वर्षांचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने बोल्डरमध्ये २०१५ साली वेगळी वाट दाखवली. स्टेनलेस स्टीलवर ठोकून पूर्ण घासलेली अक्षरं त्यांनी इलेक्ट्रॉनांचा झोत स्फटिकांवरून कसा परततो ते मोजून वाचली, आम्लाचा थेंबही न वापरता. तीही अजून प्रयोगशाळेतल्या नमुन्यांची वाट आहे. त्यामुळे माझ्या मते जुन्या हत्याराच्या बाबतीत आधी मूठ उघडावी, पट्टी आणि कडं पाहावं, चुंबक लावावा. आणि क्रमांक एवढ्यावर मिळाला नाही, तर ते हत्यार तसंच फडताळात ठेवावं.