राक्षसाचा जीव पोपटातच का असतो? लोककथा क्रमांक ३०२ ची गोष्ट

निवडणुका जवळ आल्या की मराठी बातम्यांमध्ये एक पोपट हमखास उडत येतो. अमक्या पक्षाचा जीव तमक्या महापालिकेत अडकलाय, जसा राक्षसाचा जीव पोपटात! सभेत बसलेल्या कुणालाही ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. सात समुद्रांपलीकडे कुठेतरी एक पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटाची मान मुरगळली की इकडे राक्षस धाडकन खाली. ही गोष्ट आपल्याला नेमकी कुणी सांगितली ते आठवत नाही, पण गोष्ट आठवते.

गंमत म्हणजे अशीच गोष्ट रशियातही आहे आणि नॉर्वेतही. तिथे पोपटाच्या जागी बदक येतं, एवढंच. लोककथांचा अभ्यास करणाऱ्यांनी तर या गोष्टीला चक्क नंबर देऊन टाकलाय : ३०२.

गोष्टींना नंबर कशाला? गोष्टीतल्या पात्रांचे 'टाइप' कुणी ठरवले? आणि या सगळ्यात पुण्याहून दौऱ्यावर निघालेल्या एका आयाचा काय संबंध? समजून घेऊया.

बदकात अंडं, अंड्यात काळीज

रशियन लोककथांमध्ये कोश्चेई नावाचा खलनायक आहे. त्याला 'अमर' म्हणतात, कारण त्याचा मृत्यू त्याच्या शरीरात नाहीच. दूर एका बेटावर ओकचं झाड, झाडाखाली पेटी, पेटीत ससा, सशात बदक, बदकात अंडं आणि अंड्यात सुई. त्या सुईच्या टोकावर कोश्चेईचा मृत्यू. सांगणारा बदलला की एखादा थर कमी-जास्त होतो, पण डब्यात डबा ही रचना कायम राहते.

नॉर्वेत १९ व्या शतकात आस्ब्यर्नसन आणि मू या जोडीने लोककथा गोळा केल्या. त्यात एक राक्षस आहे, ज्याच्या शरीरात हृदयच नाही. त्याने सहा राजपुत्रांना त्यांच्या नवऱ्यांसकट, म्हणजे नवपरिणित बायकांसकट, दगड करून टाकलंय. सातवा, सगळ्यात धाकटा राजपुत्र त्यांना सोडवायला निघतो. राक्षसाच्या घरी एक राजकन्या कैदेत असते. ती राक्षसाला लाडीगोडी लावून विचारते, तुझं हृदय असतं तरी कुठे? तो म्हणतो, उंबऱ्याखाली. ती उंबऱ्यावर फुलं पसरते. राक्षस हसतो आणि म्हणतो, तिथे नाही, कपाटात आहे. ती कपाट सजवते. एवढं प्रेम पाहून राक्षस विरघळतो आणि खरं सांगून बसतो : दूर तळ्यात बेट, बेटावर चर्च, चर्चमध्ये विहीर, विहिरीत बदक, बदकात अंडं, अंड्यात हृदय. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. अंडं हातात येतं, राक्षसाकडून आधी दगड झालेली माणसं पुन्हा जिवंत करून घेतली जातात आणि मगच अंडं फोडलं जातं.

आता हे वाचून कुणाला हॅरी पॉटरमधला वोल्डेमॉर्ट आणि त्याचे हॉरक्रक्स आठवले असतील, तर बरोबरच आहे. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधल्या डेव्ही जोन्सचं हृदयही पेटीतच होतं. कल्पना तीच. आणि ती किती जुनी? इजिप्तमध्ये सापडलेल्या, सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या एका पपायरसवर दोन भावांची कथा लिहिलेली आहे. त्यातला धाकटा भाऊ बाटा आपलं हृदय काढून एका झाडाच्या फुलावर ठेवतो. झाड तोडलं जातं आणि बाटा मरतो. हा पपायरस आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आणि आपला पोपट?

१८६५-६६ चा हिवाळा. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर दौऱ्यावर निघाले होते. पुण्याहून कोल्हापूर, पुढे बेळगाव, धारवाड, विजापूर, सोलापूर असा लांबचा प्रवास. सोबत त्यांची मुलगी मेरी आणि मेरीसोबत तिची आया, अ‍ॅना लिबराटा डिसोझा. तंबूत वेळ जाता जाईना, तेव्हा मेरीने अ‍ॅनाला गोष्टी सांगायला लावल्या. अ‍ॅनाने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. मेरी त्या लिहून घ्यायची आणि काही चुकलं नाही ना, हे बघण्यासाठी पुन्हा अ‍ॅनाला वाचून दाखवायची.

१८६८ मध्ये लंडनमध्ये या गोष्टींचं पुस्तक निघालं. नाव 'ओल्ड डेक्कन डेज'. भारतातल्या मौखिक लोककथांच्या सुरुवातीच्या इंग्रजी संग्रहांपैकी हा एक. त्यातली पहिलीच गोष्ट 'पंचकिन' नावाच्या जादूगाराची.

पंचकिनने बालना नावाच्या राजकन्येच्या नवऱ्याला आणि त्याच्या भावांना दगड करून टाकलंय. बालनाला त्याने मनोऱ्यात डांबलंय. माझ्याशी लग्न कर, म्हणून तो मागे लागतो आणि ती नकार देत राहते. एक-दोन दिवस नाही, तब्बल बारा वर्षं! पाळण्यात राहिलेला तिचा मुलगा मोठा होतो, माळ्याच्या मुलीचा वेष घेऊन मनोऱ्यात शिरतो आणि आईला भेटतो. लग्नाला तयार असल्याचं नाटक कर आणि त्याचं मरण कशात आहे ते विचार, ही युक्ती मुलाची. पण ते नाटक वठवते बालना. आणि पंचकिन फसतो. हजारो मैलांवर घनदाट जंगल, त्यात ताडांचं रिंगण, रिंगणाच्या मध्ये एकावर एक रचलेले सहा माठ आणि तळच्या माठाखाली पिंजरा. पिंजऱ्यात छोटा हिरवा पोपट.

मुलगा वाटेत गरुडाच्या पिलांना सापापासून वाचवतो, म्हणून गरुड त्याला पाठीवर बसवून तिथपर्यंत नेतात. पोपट हाती लागल्यावर तो आधी काय करतो? दगड झालेल्या सगळ्यांना जिवंत करायला लावतो. अगदी नॉर्वेसारखंच! मग पोपटाचा पंख तुटतो तसा पंचकिनचा हात गळून पडतो, पाय तुटतो तसा पाय. शेवटी मान. मुलांना झोपवताना सांगायची ही गोष्ट आहे, हे लक्षात ठेवूनच वाचा.

बंगालमध्ये लालबिहारी डे यांनी १८८३ मध्ये छापलेल्या संग्रहातही राक्षसांचा जीव असाच लपवलेला आहे. तिथे तो तळ्याच्या तळाशी, मधमाश्यांमध्ये.

गोष्टींना नंबर कोणी दिले?

१९ व्या शतकात युरोपभर लोककथा गोळा करण्याची लाट आली. ग्रिम बंधूंनी जर्मनीत केलं, रशियात अफानास्येव्ह यांनी केलं आणि बघता बघता गोष्टींचे ढीग जमले. पण सापडलेली गोष्ट नवी आहे की शेजारच्या देशात आधीच सापडलेली, हे कळणार कसं?

यावर फिनलंडच्या आंटी आर्ने यांनी १९१० मध्ये उपाय काढला. ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक असतात, तसे गोष्टींना क्रमांक. अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी १९२८ आणि १९६१ मध्ये ही यादी वाढवली. २००४ मध्ये जर्मन अभ्यासक हान्स-यॉर्ग उथर यांनी ती नव्याने तीन खंडांत मांडली. तिघांच्या आडनावांवरून तिला 'एटीयू' म्हणतात. १ ते २९९ प्राण्यांच्या गोष्टी, ३०० पासून ७४९ पर्यंत जादूच्या, १२०० च्या पुढे विनोदी आणि चुटके, २००० च्या पुढे साखळीच्या गोष्टी. सिंड्रेला ५१०ए. राक्षसाचं हृदय अंड्यात असलेली गोष्ट ३०२.

थॉम्पसन यांनी आणखी एक वेगळी सूची केली, गोष्टींच्या सुट्या भागांची. मराठीत या सुट्या भागाला 'कल्पनाबंध' म्हणतात. शरीराबाहेर ठेवलेला जीव हा एक कल्पनाबंध. त्याचा क्रमांक ई ७१०. गोष्ट म्हणजे गाडी धरली, तर कल्पनाबंध हे तिचे स्पेअर पार्ट. एकाच पार्टवर वेगवेगळ्या गाड्या चालतात, म्हणून बाटा आणि पंचकिनच्या गोष्टी वेगळ्या असूनही ओळखीच्या वाटतात.

पण या यादीची एक मोठी मर्यादा आहे आणि ती थॉम्पसन यांनीच मान्य केली होती. ही यादी प्रामुख्याने युरोप, पश्चिम आशिया आणि तिथले लोक जिथे जाऊन वसले त्या भागांची आहे. भारतातल्या गोष्टींसाठी त्यांना १९६० मध्ये वॉरन रॉबर्ट्स यांच्यासोबत स्वतंत्र सूची करावी लागली.

सात पात्रं आणि बालनाची अडचण

ज्या वर्षी थॉम्पसन यांची पहिली सूची आली, त्याच वर्षी, १९२८ मध्ये, लेनिनग्राडमध्ये व्लादिमीर प्रॉप यांचं पुस्तक आलं. त्यांनी अफानास्येव्ह यांच्या संग्रहातल्या १०० जादूच्या गोष्टी घेतल्या आणि वेगळाच प्रश्न विचारला. पात्र कोण आहे हे सोडा, ते गोष्टीत काम काय करतं?

उत्तर थक्क करणारं होतं. सगळ्या गोष्टी जास्तीत जास्त ३१ घटनांच्या साच्यात बसत होत्या आणि त्यांचा क्रमही तोच. पात्रांच्या भूमिका फक्त सात : खलनायक, देणगी देणारा, मदतनीस, राजकन्या (आणि तिचा बाप), नायकाला कामगिरीवर धाडणारा, नायक आणि खोटा नायक. बाबा यागा ही चेटकीण असो की झाडावरचा साधू, नायकाची परीक्षा घेऊन त्याला जादूची वस्तू देत असेल तर भूमिका एकच.

हा साचा आज पटकथा लिहायला शिकवणाऱ्या वर्गांतही भेटतो आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला लावला जातो. प्रॉप यांचा दावा मात्र रशियन जादूच्या कथांपुरता होता. पुस्तकाच्या नावात 'जादूकथा' असा शब्द त्यांनी ठेवला होता, तो छापताना बदलला गेला आणि नुसतं 'लोककथा' झालं. एका शब्दाने केवढा घोळ!

हा साचा पंचकिनच्या गोष्टीला लावून बघा. पंचकिन खलनायक. गरुड आधी परीक्षा, मग मदतनीस. मुलगा नायक. आणि बालना? ती 'राजकन्या', म्हणजे जिला शोधायचं, सोडवायचं ती. पण बारा वर्षं नकार देणारी कोण? ज्याच्या हाती आपण कैद आहोत त्याच्याशी गोड बोलून त्याचं मरण काढून घेणारी कोण? ते वाक्य तिने काढून घेतलं नसतं, तर गरुड उडाले तरी कुठे असते? नॉर्वेतही उंबऱ्यावर फुलं पसरणारी राजकन्याच आहे. तरी ३०२ चं शीर्षक राक्षसाच्या हृदयावरून आहे.

ही तक्रार नुसती वाचकाची नाही. १९८३ मध्ये टॉरबॉर्ग लुंडेल या अभ्यासकांनी या सूचींमधला पुरुषी कल नेमका दाखवून दिला. कर्तबगारी नायिकेची असली तरी वर्णनात ती पुसट होते, असं त्यांचं म्हणणं. कन्नड लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी आणखी एक फरक टिपला. नायकाच्या गोष्टी बहुतेकदा लग्नाने संपतात. भारतात बायका बायकांना ज्या गोष्टी सांगतात, त्यात खरा त्रास लग्नानंतर सुरू होतो. लग्नाला शेवटचं घर मानणाऱ्या साच्यात या गोष्टी बसणार कशा?

मग गोष्ट मूळची कुणाची?

यावर भांडणं खूप झाली. १८५९ मध्ये थिओडोर बेनफाय यांनी पंचतंत्राचा अभ्यास करून युरोपातल्या बहुतेक गोष्टी भारतातून गेल्याचा दावा केला. तो आज कुणी जसाच्या तसा मानत नाही. २०१६ मध्ये सारा ग्रासा दा सिल्वा आणि जमशेद तेहरानी यांनी जीवशास्त्रातली वंशवृक्षाची पद्धत २७५ जादूच्या कथांना लावली आणि काही कथा हजारो वर्षं जुन्या असाव्यात असा निष्कर्ष काढला. लोहार आणि सैतानाची गोष्ट तर सुमारे ६,००० वर्षांपूर्वीची असू शकते, असं ते म्हणतात. यावरही वाद आहेतच. गोष्टी व्यापाऱ्यांबरोबर, सैनिकांबरोबर, लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींबरोबर फिरतात. त्यांना पासपोर्ट लागत नाही.

अ‍ॅनाचंच घ्या. तिच्या आजोबांचं घराणं मूळ लिंगायत, कालिकतचं. ते गोव्याजवळ येऊन राहिले आणि तिथे ख्रिस्ती झाले. नात पुण्यात इंग्रजांकडे आया झाली आणि आजीच्या गोष्टी तिने गव्हर्नरच्या मुलीला इंग्रजीत सांगितल्या. आता या गोष्टीवर कुठल्या प्रांताचा शिक्का मारणार?

हे तिच्याबद्दल कळतं, कारण मेरी फ्रियरने पुस्तकात एक प्रकरण अ‍ॅनाला दिलं. त्यात अ‍ॅना आपल्याबद्दल बोलते. नवरा वारला, मुलांसाठी नोकरी धरावी लागली, मुलगा पुण्यात नदीत बुडून गेला. त्या काळातल्या संग्रहांमध्ये ही गोष्ट दुर्मीळ. बहुतेक ठिकाणी सांगणारी बाई 'एक म्हातारी' किंवा 'घरातली नोकर' एवढीच उरते. मुखपृष्ठावर मात्र नाव मेरीचं होतं आणि सूचीतही गोष्टीसमोर संग्राहकाचं किंवा पुस्तकाचं नाव येतं, सांगणाऱ्याचं नाही.

२००२ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज'ची नवी आवृत्ती निघाली. तिची संपादक किरिन नारायण. नाशिकमधल्या एका साधूच्या गोष्टी सांगण्यावर त्यांनी १९८९ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी पोपटापेक्षा जास्त लक्ष दिलंय ते अ‍ॅनाकडे.