हिवाळ्यात जुनी डिझेल जीप पहाटे सुरू का होत नाही?

कन्नड, खुलताबाद व फुलंब्री या तालुक्यांतील भाजीपाला छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजार आवारात वेळेवर पोहोचणे अगत्याचे असते. उशिरा आलेल्या मालास भाव उतरतो, आणि मेथी-कोथिंबीर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. या वाहतुकीची जुनी डिझेल जीप पावसाळाभर निमूटपणे चालते, परंतु मार्गशीर्ष-पौषात पहाटे हटून बसते. डिझेल गोठले असे समजून कोणी टाकीखाली चिपाडांचा जाळ करतो, तर कोणी डिझेलमध्ये रॉकेल मिसळतो. पहिला उपाय जिवावर बेतणारा आहे, दुसऱ्याने पंप झिजतो, आणि मूळ दोष बहुधा निराळाच असतो.

आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान साधारणतः 10 ते 12 अंश सेल्सिअस असते. थंडीची लाट आल्यास ते आणखी खाली जाते. भारतीय मानक 1460 प्रमाणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विकले जाणारे डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहते राहिले पाहिजे. इतर महिन्यांच्या डिझेलास हीच मर्यादा 18 अंश आहे. तेव्हा पावसाळ्यात पिंपात साठविलेले डिझेल पौषात वापरू नये, हे खरे. ताजे डिझेल मात्र येथील थंडीत सहसा अडत नाही.

मग थंडीने नेमके काय होते? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरताना पंपाचा तळ तापतो, त्याच न्यायाने सिलिंडरमधील हवा दाबाने अतिशय तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा मुळातच गार असेल, धातू गार असेल आणि इंजिन हळू फिरत असेल, तर ही उष्णता पुरत नाही.

शेजारचा ट्रॅक्टर लगेच सुरू होतो आणि जीप का नाही, असे शेतकरी बंधू विचारतात. बहुतेक ट्रॅक्टरांत डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारले जाते. महिंद्रच्या जुन्या जीपगाड्यांतील प्यूजो बनावटीच्या इंजिनात, तसेच डिझेल अँबॅसडरमध्ये, ते आधी बाजूच्या लहान कोठीत फवारले जाते. त्या कोठीच्या भिंती बरीच उष्णता शोषून घेतात. म्हणूनच अशा इंजिनांना हीटर प्लग दिलेले असतात.

दोष शोधताना पहाटे, इंजिन पूर्ण गार असताना, दोनच गोष्टी पाहाव्यात : सेल्फ किती वेगाने फिरतो आणि सायलेन्सरमधून धूर येतो की नाही.

सेल्फ रेंगाळत असेल, तर डिझेलच्या बाजूस हात लावू नये. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट असावा; 12.2 च्या खाली असल्यास ती निम्मी रिकामी समजावी. बॅटरी चांगली असूनही वेग नसेल, तर टर्मिनलवरील पांढरा क्षार व इंजिनची अर्थची पट्टी पाहावी. या गंजक्या पट्टीपायी चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात. ऑइल पिणाऱ्या इंजिनात मुद्दाम जाड ऑइल ओतले असेल, तर त्यानेही सेल्फ जड होतो.

सेल्फ वेगाने फिरतो, पण धूर मुळीच नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचलेलेच नाही. फीड पंपाचा हातदांडा मारावा. त्यानंतर गाडी सुरू झाली, तर रात्री नळीत हवा शिरून डिझेल टाकीकडे उतरते हे निश्चित. जुनी रबरी नळी, सैल क्लिप व फिल्टरचे वॉशर तपासावे. टाकीच्या तळाचे पाणीही याच वेळी काढून टाकावे.

पांढरा धूर येतो, तरी इंजिन पेटत नाही, ही तक्रार सर्वाधिक फसवी. येथे डिझेल पोहोचते, उष्णता पोहोचत नाही. हीटर प्लगांना जोडणारी पट्टी सोडवावी. 12 व्होल्टच्या तपासणी दिव्याचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला व दुसरे एकेका प्लगच्या माथ्याला लावावे. दिवा न लागल्यास तो प्लग जळालेला आहे. सर्व प्लग शाबूत असतील, तर पट्टी पुन्हा जोडावी, दिव्याचे एक टोक इंजिनच्या उघड्या धातूस व दुसरे पट्टीस लावून हीटरची चावी फिरवावी. दिवा न लागल्यास रिले किंवा तार पाहावी. प्लग चांगले असूनही काही चालक ते तापण्याची वाट पाहत नाहीत. जुन्या प्लगांना 20 ते 30 सेकंद द्यावे लागतात. हवेच्या नळीत इथरचा फवारा मात्र मारू नये. तापलेल्या प्लगमुळे स्फोट होऊन पिस्टन फुटतो.

हीटर, बॅटरी व डिझेल तिन्ही ठीक असूनही धूर पांढराच राहिला आणि दुपारी तापलेले इंजिन एका झटक्यात सुरू होत असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजून दाब कमी झालेला असतो. क्वचित पंपाचा टायमिंगही ढळलेला असतो. अशा वेळी कारागिराकडून प्रथम प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजून घ्यावा. तो आकडा हाती येण्यापूर्वी इंजिन उघडू देऊ नये.