चिरश्रांतीचा विकार : निदान आणि पुरावा
१९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील सुमारे ३०० कर्मचारी एका अनाकलनीय व्याधीने आजारी पडले. १९७० मध्ये मॅकएव्हेडी व बिअर्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी, रुग्णांस प्रत्यक्ष न तपासता, जुन्या टिपणांवरून तिला सामूहिक उन्माद ठरविले. या मताची छाया क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या, म्हणजेच चिरश्रांतीच्या, संशोधनावर दीर्घकाळ राहिली.

अल्प श्रमानंतरही प्रकृती खालावणे, आणि तेही बहुधा काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी, हे या विकाराचे प्रमुख लक्षण आज मानले जाते. म्हणूनच २०२१ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने क्रमवर्धित व्यायामाचा उपचार त्याज्य ठरविला. २०२५ मध्ये ‘डीकोडएमई’ प्रकल्पास १५,५७९ रुग्णांच्या अभ्यासात या विकाराशी निगडित ८ जनुकीय विभाग आढळले. निदानाची सर्वमान्य रक्तचाचणी अद्याप नाही. तथापि चाचणीचा अभाव हा व्याधीच्या अभावाचा पुरावा नव्हे.