कळफलक आणि मराठी लेखन : एका आदान साधनाचा परिचय

संगणकाच्या आदान साधनांमध्ये माउस व स्कॅनर यांच्यापेक्षाही अध्यापकांचा अधिक संबंध कळफलकाशी येतो. प्रस्तुत लेखात मराठी लेखनाच्या दृष्टीने या साधनाचा परिचय करून दिला आहे.

कळफलकात सामान्यतः आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. कळ दाबताच तेथील विद्युतमंडल पूर्ण होते व नियंत्रक त्या कळेचा क्रमांक संगणकाकडे पाठवितो. म्हणजेच कळफलक अक्षर पाठवीत नाही. अक्षर कोणते, हे आज्ञावली ठरविते. म्हणूनच इंग्रजी कळफलकावरही मराठी टंकलेखन करता येते.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ : १९९१ या मानकात इन्स्क्रिप्ट रचना समाविष्ट आहे. तीत डावीकडे स्वर व मात्रा, तर उजवीकडे प्रामुख्याने व्यंजने असतात.

मात्र कोणता संकेतांक साठविला जातो, हे अधिक महत्त्वाचे आहे. अनेक जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले होते. तो फॉन्ट नसल्यास शोधनिबंध निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. युनिकोडच्या मूळ देवनागरी विभागात मात्र १२८ संकेतांक राखीव आहेत.

सारांश, नवे यंत्र घेण्याची गरज नाही. नवे लेखन युनिकोडमध्ये करणे व जुन्या निबंधांचे वेळीच रूपांतर करणे आवश्यक आहे.