डिझेलचा परतावा आणि दांडीची रापण

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे: इंधनावरची सबसिडी. पण आपण दिल्लीत नाही, मालवणच्या दांडी किनाऱ्यावर उभं राहून तो बघू.

सकाळी इथे रापण ओढताना बघितलीय का कधी? एक होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडते, आणि मग दोन्ही टोकांना माणसं दोर धरून ते किनाऱ्यावर ओढतात. इंधन जवळपास नाहीच, सगळं हाताचं बळ. तिकडे बंदरात ट्रॉलर उभे असतात, त्यांचं सगळं गणित डिझेलवर. एकाच समुद्रातले हे दोन धंदे, पण सरकारी पैसा दोघांकडे सारखा येत नाही.

तो येतो कसा? यांत्रिक बोटवाला मच्छीमार सोसायटीचा सभासद असतो. बोटीला डिझेलचा कोटा मंजूर होतो. तो पंपावर पूर्ण भाव देऊन डिझेल भरतो आणि त्यावर राज्याने घेतलेला व्हॅट नंतर मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत त्याला परत मिळतो. यालाच बंदरावर ‘परतावा’ म्हणतात. हा ‘नंतर’ कधी कधी खूप लांबतो, ते वेगळंच दुखणं.

आता कोणी म्हणेल, कर परत दिला, यात सबसिडी कसली? केंद्राने डिझेलचा भाव ऑक्टोबर 2014 मध्येच बाजारावर सोडला, हे खरं. पण माफ केलेला कर हीसुद्धा इंधनाला दिलेली मदतच, आणि जगात या गोष्टी मोजणारे लोक ती तशीच मोजतात.

मला खटकते ती वेगळी गोष्ट. परतावा लिटरवर आहे. सोपा हिशोब करू, आकडा फक्त समजण्यापुरता. समजा लिटरमागे 10 रुपये परत मिळतात. 100 लिटर जाळणाऱ्याला 1,000 रुपये, 2,000 लिटर जाळणाऱ्याला 20,000. रापणकराला शून्य. आउटबोर्ड इंजिनात पेट्रोल घालणाऱ्या छोट्या होडीलाही या डिझेलच्या योजनेतून शून्य. म्हणजे जो जास्त जाळेल त्याला जास्त. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 2,000 लिटरचे झाले 5 टनांहून जास्त.

आणि तापलेल्या समुद्राचा फटका कोणाला? मे 2021 चं तौक्ते वादळ आठवा. देवबाग-तारकर्लीकडे काय अवस्था झाली होती! वादळाने डिझेल किती जाळलंत ते विचारलं नाही.

मग बंदच करा ना परतावा? इतकं सोपं नाही ओ. मी हे बंदरावर एका ट्रॉलरवाल्या काकांकडे बोललो तर ते तडकलेच: “परतावो बंद केल्यानी तर ट्रॉलर किनाऱ्यार ओढूचो लागतलो. मगे आमी खावचा काय?” त्यांचं चुकत नाही. मार्च 2022 मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेल एका फटक्यात लिटरमागे सुमारे 25 रुपयांनी महागलं, आणि मच्छीमार सोसायट्यांचे पंप तेव्हा घाऊक ग्राहकांत मोडत होते. बाहेरच्या पंपावर स्वस्त, सोसायटीत महाग! मासे तेच, बाजारभाव तोच, खर्च मात्र वाढलेला. एका बोटीवर तांडेल, खलाशी अशी किती घरं चालतात, विचार करा.

इराणने डिसेंबर 2010 मध्ये इंधनाचे भाव एकदम वाढवले, पण त्याआधी लोकांच्या बँक खात्यात रोख पैसे टाकले. पुढे महागाईने त्या पैशांची किंमत खाल्ली, त्यामुळे ते मॉडेल डोक्यावर घेऊन नाचायची गरज नाही. पण क्रम बघा: आधी पैसे, मग भाववाढ.

माझं मत विचाराल तर पैसा मच्छीमारांकडून काढू नये, तो लिटरपासून तोडावा. तीच रक्कम माणशी द्या, रापणकर आणि मासे विकणाऱ्या बाया धरून. किंवा कमी डिझेल खाणाऱ्या इंजिनाला, बर्फाला, मासेमारी बंदीच्या जून-जुलै महिन्यांना द्या. मोठ्या बोटींचा परतावा आधी उतरवा, लहान्यांचा शेवटी.

याला विरोध होईल, आणि तो मोठ्या बोटींकडून जास्त होईल. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 5 फेब्रुवारी 2016 ला निर्बंध आणले, तरी पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा वाद मालवणात अजून विझलेला नाही. त्यात हा पैशाचा प्रश्न टाकायचा म्हणजे कोणीतरी अंगावर येणारच. जागतिक व्यापार संघटनेतही जून 2022 मध्ये मासेमारी सबसिडीचा पहिला करार झाला तो मुख्यतः बेकायदा मासेमारी आणि संपत आलेल्या माशांबद्दलचा. बोटींची गर्दी वाढवणाऱ्या सबसिडीचं घोंगडं तेव्हा भिजतच राहिलं.

पुढच्या वेळी बंदरावर गेलात तर ट्रॉलरवाल्यांना परतावा किती महिने थकलाय ते विचारा. आणि मग दांडीवर येऊन रापणीच्या दोराला जरा हात लावा.